"जास्त स्पीडची डिस्क घ्या, जास्त लांब जाईल" म्हणे. नाही जाणार.

डिस्क गोल्फ (चपटी डिस्क फेकून साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) नवीन नवीन खेळणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या जिकडेतिकडे फॉरवर्ड होतोय. थोडक्यात असा: सुरुवातीलाच १२-१३ स्पीडचा डिस्टन्स ड्रायव्हर (सगळ्यात लांब फेकायची डिस्क) घ्या, प्रो लोक तेच फेकतात, वजन पूर्ण १७५ ग्रॅम कारण हलकी डिस्क वाऱ्यात भरकटते, प्लास्टिक सगळ्यात महागातलं, पटर (सगळ्यात कमी स्पीडची डिस्क) फक्त बास्केटजवळ लागतो, आणि कमी स्पीडच्या डिस्क घेतल्या तर सहा महिन्यांत परत खर्च. मला हे आठवडाभरात तिघांनी पाठवलं आणि तिघांनीही "बरोबर आहे का रे?" असंच विचारलं, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिला मुद्दा स्पीडचा, आणि खरी गोची इथेच आहे. डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगत राहणं), टर्न आणि फेड. इनोव्हा कंपनीच्या डिस्ट्रॉयर या डिस्टन्स ड्रायव्हरचे १२, ५, -१, ३ आणि त्यांच्याच लेपर्ड या फेअरवे (म्हणजे मधल्या स्पीडच्या) ड्रायव्हरचे ६, ५, -२, १. लोक १२ बघतात आणि खूश होतात, पण तो १२ म्हणजे डिस्क तुम्हाला आयता वेग देणार असं नसतं हो, तेवढा वेग तुम्ही दिलात तर ती बाकीच्या आकड्यांप्रमाणे उडेल एवढंच त्याचं म्हणणं. उजव्या हाताने बॅकहँड फेकली तर डिस्क वेगात असताना थोडी उजवीकडे झुकते, तो टर्न, आणि वेग उतरला की डावीकडे पडते, तो फेड. हात हळू असेल तर टर्न येतच नाही, हातातून सुटल्या सुटल्या फेड सुरू. म्हणजे पैसे चार आकड्यांचे दिले आणि वापरला एकच, तोही नको असलेला.

माझंच सांगतो. पहिला ड्रायव्हर घेतला, १२ स्पीडचा, अर्थात कोणीतरी सांगितलं म्हणूनच. पहिली वीसेक पावलं डिस्क अशी जायची की वाटायचं आज जमलं, मग पुढची कड हळूच वर उचलायची, डिस्क क्षणभर हवेत लटकायची आणि डावीकडच्या झुडपात जाऊन बसायची. दर वेळी तेच झुडूप! मग मी काय केलं, तर फेकताना बाहेरची कड वर धरायला लागलो आणि सुटताना मनगट फिरवायला लागलो, म्हणजे ती निदान सरळ तरी जाईल. गेली पण, कधीकधी. ती मनगट फिरवायची सवय मोडायला मला पुढे वर्ष लागलं, आणि मुळात तिचं कारण माझा हात नव्हता, चुकीची डिस्क होती. आधी कळस मग पाया, दुसरं काय.

शिवाय रिम, म्हणजे डिस्कची बोटांनी धरायची कड. डिस्ट्रॉयरची रिम २.२ सेंटीमीटर रुंद आहे, पटरची जेमतेम एक. बोटं लहान असतील तर रुंद रिमवर पकड पूर्ण बसत नाही, डिस्क वेळेआधी नाहीतर उशिरा सुटते, आणि आपण दोष देतो खांद्याला.

"प्रो तेच फेकतात", हे अर्धंच खरं. त्यांची डिस्क हातातून ताशी ११० किलोमीटरच्या आसपास सुटते, आणि नवीन माणसाची त्याच्या निम्म्याहून थोडी वर असली तरी खूप झालं. आणि तेच प्रो झाडीतल्या अरुंद होलवर टीवरून, म्हणजे पहिल्याच थ्रोला, बिनधास्त मिडरेंज (ड्रायव्हर आणि पटरच्या मधली डिस्क) नाहीतर पटर काढतात, ते मात्र मेसेजमध्ये येत नाही.

आता वजन. हा १७५ आला कुठून? पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेचा नियम आहे की डिस्कच्या व्यासाच्या दर सेंटीमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम. ड्रायव्हरचा व्यास साधारण २१.१ सेंटीमीटर, गुणाकार करा, १७५ येतात. म्हणजे ही वरची मर्यादा आहे, आणि लोकांनी तिचा सल्ला करून टाकला! हळू हाताला १५० ते १६० ग्रॅमची डिस्क वेगात आणणं सोपं जातं, फिरकीही चांगली मिळते. वारा असला की हलकी डिस्क जास्त भरकटते हे मान्य, त्यात मेसेजवाल्याची चूक नाही.

प्लास्टिकचं फार काही नाही. महागडं जास्त टिकतं, झाडावर आपटून लवकर खराब होत नाही, खरंय. पण पटरला स्वस्त प्लास्टिकच हातात छान बसतं आणि साखळ्यांनाही बरं धरतं असं माझं मत. शिवाय साधी डिस्क झिजते तशी जास्त अंडरस्टेबल (म्हणजे कमी वेगातही उजवीकडे झुकणारी) होत जाते, नवीन माणसाला तर ते फायद्याचंच.

"पटर फक्त बास्केटजवळ" हे वाचून मात्र खरंच चिडचिड झाली. कारण शिकवते ती डिस्क हीच. ड्रायव्हर तुमची चूक फेडमध्ये लपवतो, तो डावीकडे गेला तर तुम्हाला कळतच नाही की कड वर होती, हात हळू होता की डिस्कच तशी. पटर पूर्ण ताकदीने फेका, सुटताना जरा वाकडी सुटली तर ती हवेत अशी डगमगते की लांबून दिसतं, आणि मनगट फिरवलंत तर थेट उजवीकडे वळते. इनोव्हाचा एव्हिएआर घ्या, २, ३, ०, १, तो साठ पावलं सरळ आणि न डगमगता जायला लागला की मग बघा मिडरेंज कशी जाते ते.

राहिला परत खर्चाचा मुद्दा. एक पटर, एक मिडरेंज (डिस्क्राफ्टचा बझ, ५, ४, -१, १, चालेल) आणि एक ६-७ स्पीडचा अंडरस्टेबल फेअरवे ड्रायव्हर, बास. यातलं काहीही पुढे वाया जात नाही, पटर आणि मिडरेंज तर कायमचे, आणि हाताचा वेग वाढला की तोच लेपर्ड उजवीकडे वळणाऱ्या थ्रोला नाहीतर जमिनीवरून पळवायच्या रोलरला कामी येतो. वाया जातो तो झुडपातला १२ स्पीडवाला. आणि हो, दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघत बसू नका, ते आकडे कंपन्या स्वतः छापतात, पीडीजीए डिस्कचं माप, वजन वगैरे बघून मंजुरी देते, उड्डाणाचे आकडे देत नाही.

ड्रायव्हर कधी घ्यायचा याचा माझा ठोकताळा असा: मिडरेंज सपाट फेकून ७५ मीटरच्या आसपास दहातून सात वेळा जायला लागली, की ९ स्पीडचा घ्या. तोही मैदानावर लेपर्डसोबत दहा-दहा वेळा फेका, पावलं मोजा, आणि दोन्ही एकाच ठिकाणी पडत असतील तर तो अजून काही महिने बॅगेतच राहू द्या.