मामा, प्रश्न विचारा की!

स्पर्धा परीक्षेचा फॉर्म घरातला एकच जण भरतो, परीक्षा मात्र अख्ख्या घराची होते. फॉर्म भरणाऱ्याला निदान हॉलतिकीट तरी मिळतं, बाकीच्यांना तेही नाही.

माझी धाकटी बहीण जतला दिली आहे. तिचा मुलगा सांगलीत आमच्याकडे राहून अधिकारी होतोय. होतोय म्हणजे अजून झालेला नाही. दिवसभर तो विश्रामबागच्या एका अभ्यासिकेत असतो. तिथं महिन्याचे पैसे भरले की खुर्ची, टेबल, पंखा आणि शेजारच्या उमेदवाराचे सुस्कारे मिळतात. रात्री जेवणं उरकली की त्याला उजळणीसाठी प्रश्न विचारणारं माणूस लागतं. मामीची तेव्हा मालिका असते. आजीला, म्हणजे माझ्या आईला, बारीक अक्षर दिसत नाही. राहता राहिलो मी. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहितो. पोती, क्विंटल, तोलाई, हमाली या आकड्यांतून डोकं जरा बाहेर काढावं, तर हातात विटेएवढा जाड प्रश्नसंच पडतो आणि हुकूम सुटतो, "मामा, प्रश्न विचारा की ओ!"

उत्तर देणाऱ्याचं बरं असतं. येत असेल तर सांगायचं, नसेल तर 'पुढचा' म्हणायचं. विचारणाऱ्याच्या पुढ्यात मात्र उत्तर छापलेलंच असतं. ते न मागता डोक्यात शिरतं, तिथंच मुक्काम ठोकतं आणि नको तेव्हा बाहेर येतं. भाचा परीक्षेच्या दिवशी काय काय विसरेल ते त्याचं त्यालाच ठाऊक, मला मात्र यातलं काहीही विसरता येत नाही.

सुरुवात मानवी शरीरापासून झाली. मोठ्या माणसाच्या अंगात हाडं २०६. हे शाळेतही पाठ केलं होतं, पण तेव्हा त्यातलं एकही दुखत नव्हतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला जवळपास ३०० असतात आणि वाढत्या वयात त्यातली काही एकमेकांना सांधली जातात. हे मोठ्यानं वाचल्यावर आई पलंगावरून म्हणाली, "कमी हुत्यात म्हनतोस, मग दुखनारी वाढत्यात कशी?" पुस्तकात याला एकही पर्याय दिलेला नव्हता.

मनगटासकट एका हातात २७ हाडं, एका पावलात २६. हिशेबाचा माणूस असल्यामुळे मी लगेच बेरीज मारली. दोन हात, दोन पावलं मिळून १०६. म्हणजे निम्म्याहून जास्त माल टोकालाच भरलेला! दुसऱ्या दिवशी दुकानात हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकात चढत होते आणि मी पेन हवेत धरून त्यांची पावलं बघत बसलो. फळी लवत होती. पुढच्या पावलाचा अंगठा लाकडाला धरायचा, मागची टाच उचलायची आणि क्षणभर सगळा बोजा त्या एका २६ हाडांच्या पावलावर यायचा. बोटांच्या बेचक्यांत हळद बसलेली. "दिवाणजी," शेठ म्हणाले, "शेतकरी हिशेबपट्टीसाठी थांबलाय. पाय कसले मोजताय?"

त्याच दुपारी वजनकाट्याच्या दांड्याला माझं कोपर आपटलं. करंगळीपर्यंत सणकन झिणझिण्या गेल्या. अशा वेळी मार्केट यार्डात जे शब्द चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहेत. माझ्या तोंडून निघालं, "अल्नर नर्व्ह!" खरंच, तिथं हाडाचा काही संबंध नसतो, कोपराच्या मागून जाणारी ती नस असते. पण शेजारचा हमाल पोतं खाली ठेवून गंभीरपणे म्हणाला, "कोन गेलं ओ दिवाणजी?"

खाण्याचे हाल तर विचारूच नका. सांगलीच्या माणसाचं भडंग काढून घेतलं तर त्याच्याकडे राहतं काय? रविवारी दुपारी परातीत भडंग, वर बारीक चिरलेला कांदा, लिंबू पिळलेलं. मी पहिली मूठ तोंडात टाकली आणि समोरून भाच्याची उजळणी सुरू झाली. कवटीचं हलणारं हाड एकच, खालचा जबडा. लाळेत टायलिन, ते पिष्टमय पदार्थांचं साखरेत रूपांतर करतं. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल. पुढं लहान आतडं, लांबी साधारण ६ मीटर. माझ्या जिभेखाली एक लसणाची करपलेली पाकळी आणि अर्धा शेंगदाणा होता. ६ मीटरचा प्रवास डोळ्यांपुढं आला आणि तो शेंगदाणा पुढं पाठवायचा धीर होईना. मूठभर भडंगाला मी इतका वेळ कधीच लावलेला नाही. तेवढ्यात भाच्यानं बोलता बोलता परात संपवली. त्याच्या आतड्याला पाठांतराचा काहीच त्रास होत नाही.

खांदा दुखतो म्हणून मिरजेला एका डॉक्टरांकडे गेलो. कुठं दुखतं विचारल्यावर बोट दाखवायचं सोडून मी म्हणालो, "ह्युमरसचं टोक जिथं खोबणीत बसतं ना, तिथं." डॉक्टरांनी चष्मा वर केला. "कुठल्या कॉलेजला होता?" मी म्हणालो, "भाचा आहे." त्यांनी मान डोलावली. त्यांच्या घरीही कुणीतरी अधिकारी होत असावं.

या सगळ्यात आमच्या आईला मात्र एकदम भाव आला. एका रात्री मी विचारलं, "मानवी शरीरातला सर्वात मोठा सांधा कोणता?" पर्याय वाचायच्या आतच पलंगावरून आवाज आला, "गुडघा." भाचा खांदा की खुबा या विचारात होता. मी पान उलटून पाहिलं. गुडघाच होता. "तुला कसं गं माहीत?" "आरं, माझाच हाय की! सगळ्यात जास्त जागा त्योच अडवतोय." त्या दिवसापासून ती शरीरशास्त्राच्या प्रकरणाला पाय लांब करून बसते. सगळ्यात मोठी ग्रंथी कुठली, म्हटल्यावर तिनं 'पित्त' असं सांगितलं. उत्तर यकृत होतं, पण पित्त तयार तिथंच होतं. मी तिला अर्धा मार्क दिला. भाच्यानं हरकत नोंदवली, आयोग अर्धे मार्क देत नाही म्हणून.

मग सजीव सृष्टी आली आणि ती थेट स्वयंपाकघरात शिरली. मामीनं ओट्याखाली झुरळ मारलं. चपलेचा फटका असा बसला की डोकं एकीकडे, धड एकीकडे. भाचा पाणी प्यायला आला होता. तो म्हणाला, "मामी, झुरळ डोक्याशिवाय आठवडाभर जगतंय. अंगावरच्या भोकांनी श्वास घेतंय ते. आणि त्याच्या हृदयाला १३ कप्पे असतात." मामीनं धडाकडे पाहिलं. धडाचा एक पाय हलत होता. त्या रात्री स्वयंपाकघराचा दिवा बंद झाला नाही, आणि १३ कप्प्यांची काळजी ४ कप्प्यांवाल्यांना करावी लागली.

ऑक्टोपस मला आवडला. त्याला हृदयं ३, रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. पोहायला लागला की त्यातलं शरीरभर रक्त पाठवणारं हृदय थांबतं, म्हणून दमण्यापेक्षा तो तळावरून सरपटत जाणंच पसंत करतो. तीन-तीन हृदयं असलेला प्राणी व्यायाम टाळतो, मग एकच असलेल्यानं पहाटे आमराईला फेऱ्या का माराव्यात, हा प्रश्न मी मामीला विचारला. तिनं बुटांची जोडी पुढं सरकवली.

मगरीचा धडा आम्ही प्रत्यक्ष गिरवला. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेलो होतो. कृष्णेचं पाणी उतरलेलं आणि पलीकडच्या काठावर मगर ऊन खात पडलेली. घाटावर सगळ्यांचे मोबाईल वर. आमचे भाचेबुवा पायरीवर उभे राहून म्हणाले, "सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय तीन कप्प्यांचं असतं, अपवाद मगर. तिला माणसासारखे चार." लोक ऐकायला लागले, तसा त्याला आणखी हुरूप आला. "आणि जबडा मिटायचे स्नायू लई दांडगे, पण उघडायचे कमजोर. तोंड मिटलेलं असलं तर साध्या दोरीनंसुद्धा बांधता येतंय." नावाडी इतका वेळ विडी ओढत ऐकत होता. त्यानं होडीतली दोरी उचलून भाच्यापुढं धरली. "ही घ्या सायेब. मी सोडतो पलीकडं. जाऊन येताय का?" भावी अधिकारी खाली उतरले आणि दर्शनाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

जगाचा इतिहास हा त्यातल्या त्यात सुखाचा भाग, कारण तो दुखत नाही. इतिहासातलं सगळ्यात छोटं युद्ध झांझिबारचं. २७ ऑगस्ट १८९६, ब्रिटिशांच्या आरमाराविरुद्ध. पाऊण तासाच्या आत खेळ खलास, आणि सुलतान जर्मन वकिलातीत जाऊन बसला. आमच्याकडे हळदीचा सौदा निघायला याहून जास्त वेळ जातो आणि कुणी पळूनही जात नाही.

पण सगळ्यांत रंगला तो १९३२ सालचा ऑस्ट्रेलियातला इमूंविरुद्धचा लढा. पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या रानात हजारोंनी इमू घुसले. शेतकऱ्यांनी सरकारकडे धाव घेतली. सरकारनं सैनिक पाठवले, बरोबर २ लुईस मशीनगन आणि १०,००० गोळ्या. इमू पांगायचे, धावायचे, पुन्हा जमायचे. शेवटी फौज मागे फिरली. आईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माहेरी जोंधळ्याच्या रानात माळ्यावर बसून तिनं पाखरं राखलेली आहेत. ती एवढंच म्हणाली, "गोफन न्हवती व्हय त्यांच्याकडं?" आपल्याकडेही मध्यंतरी इमूपालनाचं खूळ आलं होतं. अंड्याचा भाव, तेलाचा भाव, पिसांचा भाव, सगळं कागदावर झकास. ज्यांनी जोड्या घेतल्या त्यातल्या कित्येकांना खाद्य घालता घालता दिवाळं निघालं. म्हणजे इमू इथंही जिंकला.

एके रात्री मी वाचलं, महिलांना देशपातळीवर मताचा हक्क सर्वात आधी न्यूझीलंडनं दिला, १८९३ साली. स्वित्झर्लंडनं दिला १९७१ साली. मामीनं टीव्हीचा आवाज कमी केला. "किती?" १९७१. आपल्याकडे इंदिरा गांधी १९६६ लाच पंतप्रधान झालेल्या. मामीनं काही भाष्य केलं नाही. फक्त त्या आठवड्यात रिमोट मागितला की मला "स्वित्झर्लंड" एवढंच उत्तर मिळायचं.

आपल्या भागाचा इतिहास आला की उजळणी बंदच पडते. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. आईचं माहेर वाळवा तालुक्यातलं. ती जन्मली सातारा जिल्ह्यात, वाढली दक्षिण साताऱ्यात, आता माहेर सांगलीत, आणि मधल्या काळात त्या घराची चूलसुद्धा जागची हलली नाही. मी पुढचा प्रश्न वाचला, "साताऱ्यातील प्रतिसरकारचे नेतृत्व कोणी केले?" क्रांतिसिंह नाना पाटील, सोपं होतं. पण आई पलंगावर उठून बसली. तेव्हा ती लहान पोर. रात्री दारावर हलकी थाप पडायची, तिची आई दिवा न लावता भाकरी थापायची, पोरांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. उसातून माणसं यायची, उसात जायची. भाच्याचं लक्ष घड्याळावर. एका प्रश्नाला एक मिनिटसुद्धा मिळत नाही, हे त्याला क्लासमध्ये शिकवलेलं. "आजी, नुसता पर्याय सांग की." आई म्हणाली, "पर्याय कसला बाबा? भाकरी द्यावीच लागायची."

शेवटी पूर्वपरीक्षा झाली. संध्याकाळी भाचा घामेजून घरी आला. झांझिबार आला का? नाही. ऑक्टोपस? नाही. इमू? मामा, इमू कोण विचारतंय? मग आलं तरी काय? तो पाणी प्यायला आणि जरा हसला. "आजीचा गुडघा आला होता." आईनं पाय पोटाशी घेतला होता तो ऐटीत लांब केला.

"मग त्यातलं निम्मं मार्क माझं."

"घे की. पण आजी, चुकलं तर पाव मार्क कापत्यात. त्यातलं पण निम्मं तुझ्याकडं."

"ते," आई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मामाच्या खात्याला टाक. हिशेब त्योच लिवतोय."