‘फोल्डर उचला, टाका, झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अनुवादाचे प्रकल्प जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर कसे न्यावेत, या माझ्या लेखावर एका वाचकांनी लिहिलं आहे : ‘‘लेख म्हणजे पुणेरी पाटी झालीये. हे करू नका, ते करू नका. फोल्डर उचलायचा, नव्या मशीनवर टाकायचा, झालं. मी दहा मिनिटांत केलं, काही बिघडलं नाही. २६० अक्षरांची मर्यादा केव्हाच गेली. आणि टीएमएक्स असताना एवढं पुराण कशाला?’’ (टीएमएक्स म्हणजे अनुवादित वाक्यांच्या जोड्या एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची फाइल.)

आधी पाटीबद्दल. लेखातल्या प्रत्येक ‘करू नका’पुढे कारण दिलेलं आहे. ते न वाचता पाटी म्हणून मोकळं होणं मला पटलं नाही. मी १४ वर्षं तांत्रिक अनुवाद करतो. रानडे इन्स्टिट्यूटमधून भाषा शिकून नुकतीच घरून कामं घेऊ लागलेली मंडळी डोळ्यांसमोर ठेवून मी तो लेख लिहिला. त्यांच्या हाताशी संगणकवाला माणूस नसतो. त्यांना ‘झालं’ एवढंच सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, आणि तेही टोपणनावाआडून.

२६० बद्दल तुमचं बरोबर आहे. विंडोज १० च्या २०१६ सालच्या आवृत्तीपासून फाइलच्या पत्त्याची (म्हणजे फोल्डरांच्या नावांसकट तिच्या पूर्ण नावाची) ही मर्यादा उठवता येते, हे मी लिहायला हवं होतं. लेखात भर घातली आहे. पण ती आपोआप उठत नाही. सेटिंग बदलावं लागतं आणि त्या त्या प्रोग्रॅमलाही लांब पत्ता चालावा लागतो. शिवाय फाइलचं नाव देवनागरीत असेल तर ‘क्षि’ दिसायला एक अक्षर, मोजणीत चार.

आता ‘फोल्डर टाकला की झालं’. ट्रॅडॉस या अनुवादाच्या प्रोग्रॅममध्ये ट्रान्सलेशन मेमरी (मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद अशा जोड्यांचा साठा) बहुतेकांची प्रकल्पाच्या फोल्डरबाहेर असते, कारण तीच मेमरी दहा प्रकल्पांना जोडलेली असते. प्रकल्पाच्या फाइलमध्ये असतो तो तिचा पत्ता. फोल्डर हलवला तरी मेमरी जुन्या जागीच राहते. नव्या लॅपटॉपवर त्या पत्त्यावर काहीच नसेल तर निदान एररचा संदेश येतो; प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जाऊन मेमरी पुन्हा जोडता येते. खरा घोटाळा त्या पत्त्यावर मेमरीची सहा महिन्यांपूर्वीची प्रत पडलेली असते तेव्हा होतो. प्रकल्प बिनतक्रार उघडतो, मॅचही (मेमरीतली जुळणारी जुनी वाक्यं) येतात, आणि पक्की केलेली नवी वाक्यं त्या जुन्या प्रतीत साठत जातात. दोन मेमऱ्या तयार होतात आणि दोन्ही अपुऱ्या.

दुसरं, मूळ फाइल. साधारण आकाराची मूळ फाइल द्विभाषिक फाइलच्या (जिच्यात मूळ वाक्य आणि अनुवाद शेजारी असतात तिच्या) पोटातच साठवलेली असते. मोठी असेल तर पोटात फक्त तिचा पत्ता असतो. अनुवाद उघडतो, वाक्यं दिसतात, काम चालतं. आणि द्यायच्या दिवशी अंतिम फाइल तयार करताना मूळ फाइल सापडत नाही. म्हणून नव्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी एक अंतिम फाइल तयार करून पाहा, असं मी लिहिलं होतं.

ओमेगाटी हा दुसरा अनुवादाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांचा त्रास आणखी वेगळा. तिथे अनुवाद प्रकल्पाच्या फोल्डरातच असतो, त्यामुळे तुमचा सल्ला पटण्यासारखा वाटतो. पण वाक्यं कुठे तोडायची याचे नियम प्रकल्पापुरते ठरवले नसतील तर ते वापरकर्त्याच्या सेटिंगच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, आणि तो फोल्डर कुणी उचलत नाही. जुन्या लॅपटॉपवर ‘प्रा.’ आणि ‘कि.मी.’ नंतर वाक्य तुटू नये असा नियम घातलेला असेल आणि नव्यावर नसेल, तर तुकडे वेगळे पडतात आणि केलेला अनुवाद कोरा दिसतो. तो हरवलेला नसतो, पण ते कळेपर्यंत माणूस पुन्हा टंकायला बसतो. तसंच, एकाच वाक्याचे जागेनुसार दोन अनुवाद केले असतील, तर त्यातला पर्यायी अनुवाद फाइलच्या नावाला बांधलेला असतो. हलवताना फाइलचं नाव नीटनेटकं केलंत की तो सुटतो.

‘काही बिघडलं नाही’ हे तुम्ही कशावरून म्हणता, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. हलवण्यापूर्वी मेमरीत किती नोंदी होत्या, नंतर किती, हे दोन आकडे नसतील तर ते वाक्य फक्त तुमची समजूत आहे.

टीएमएक्समधून वाक्यांच्या जोड्या जातात, प्रकल्प जात नाही. यावर लेखात पूर्ण परिच्छेद आहे. पुन्हा लिहीत नाही.

जुना लॅपटॉप अजून घरात असेल तर दोन्हीकडे मेमरीची सेटिंग्ज उघडा, नोंदींची संख्या बघा आणि तिचा पूर्ण पत्ता वाचा. मग एखादं जुनं पक्कं केलेलं वाक्य नव्या लॅपटॉपवर शोधून पाहा. दोन्ही आकडे इथे लिहा, मी ते लेखाखाली जसेच्या तसे जोडेन.