'नर्सनी लिहू नये' म्हणणाऱ्या हितचिंतकांना

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की गंभीर मलेरियाच्या प्रौढ रुग्णाला सलाईन भराभर चढवू नये. त्यावर 'एक हितचिंतक' अशा सहीची लांबलचक प्रतिक्रिया आली. तक्रारी अशा: आर्टेसुनेट या मलेरियावरच्या इंजेक्शनच्या वेळा मी चुकवल्या, क्विनाइन या जुन्या औषधाला नावं ठेवली, व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराचा उल्लेखच नाही. आणि मग हे: "ताई, पाणी रोखून किडनी बसली तर जबाबदार कोण? असल्या विषयांवर नर्सनी लिहू नये."

वेळांचं मान्य. 'दर 12 तासांनी' असं मी मोघम लिहून गेले. किलोमागे 2.4 मिलिग्रॅम शिरेतून, पहिल्या डोसनंतर 12 आणि 24 तासांनी, पुढे दिवसातून एकदा, असं हवं होतं. दुरुस्त केलंय. आभारी आहे.

आता 'नर्सनी लिहू नये' या वाक्याकडे येते. आपण स्वतः डॉक्टर आहात का, हे कुठंच सांगितलेलं नाही. मी मात्र 22 वर्षं वॉर्डात काढलीत. इनपुट-आउटपुटचा तक्ता कोण भरतं, ठाऊक आहे? मध्यरात्री टॉर्च धरून युरिन बॅगेवरच्या रेघा कोण वाचतं?

एका नाईट ड्युटीला तिशीतला एक जण होता. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार, डोळे पिवळे, चार तासांत लघवी जेमतेम 40 मिली. पाणी कमी पडलंय असं ठरलं आणि ड्रिप फुल सोडायला सांगितली. मी सोडली. तिसरी बाटली अर्ध्यावर असताना तो उठून बसला, आडवा होईना. श्वासात घरघर, ओठांशी गुलाबी फेस. सकाळी हँडओव्हर देताना तो व्हेंटिलेटरवर होता. ड्रिपचं चाक मीच फिरवलं होतं, म्हणून मला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही. आपल्याला शिकायची असेल तर सांगते.

फाल्सिपेरम शिरलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. वाटच तुंबलेली असते, वरून पाणी ओतून ती मोकळी होत नाही. लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) चढतं ते मुख्यतः त्यामुळं, निव्वळ अंगातलं पाणी आटून नव्हे. किडनीच्या नळ्याच दुखावल्या असतील तर सलाईन ओतून लघवी परत येत नाही, डायलिसिसची तयारी ठेवावी लागते. फुप्फुसातल्या केशवाहिन्या मात्र गळक्या झालेल्या असतात, त्यामुळं जादा पाणी तिथं साचतं. आर्टेसुनेट सुरू होऊन रक्तातले जंतू उतरायला लागल्यावरसुद्धा हे होऊ शकतं. तेव्हा 'जबाबदार कोण' हा प्रश्न पाणी ओतणाऱ्यालाही विचारा की!

बीपी पडलेला रुग्ण वेगळा, हे मी मूळ लेखात लिहिलंय. एकाच ओळीत लिहिलंय, हे खरं. पण ओळ आहे. ती न वाचता मला जबाबदारी शिकवायला आलात.

क्विनाइननं असंख्य जीव वाचवले, कोण नाही म्हणतंय? पण बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या 1461 रुग्णांवरचा अभ्यास 2005 साली आला, त्यातले बहुतेक प्रौढच होते. क्विनाइनवाल्यांत 22 टक्के दगावले, आर्टेसुनेटवाल्यांत 15. शिवाय क्विनाइननं शुगर धाडकन उतरते. बेशुद्ध माणूस काही 'गरगरतंय' म्हणून सांगत नाही, ग्लुकोमीटर घेऊन आम्हालाच पुन्हा पुन्हा बोटं टोचत बसावं लागतं. ही नावं ठेवणं असेल तर ठेवली.

व्हायवॅक्सवर पुन्हा कधी. तोही गंभीर होतो, मला माहीत आहे, माहीत नाही असं मी कुठं म्हटलेलं नाही.

आणि पुढच्या वेळी सही करताना नाव घाला. मी माझ्या नावानं लिहिते, चूक निघाली तर दुरुस्तही त्याच नावानं करते. 'हितचिंतक' या नावाला डॉक्टर म्हणून हाक मारायची की नुसतं दादा म्हणायचं, तेवढं तरी कळू द्या.