हरणटोळ घरात ठेवता येतो? नाही

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. मला तो तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक आमच्या सोसायटीचा. मजकूर थोडक्यात असा: ‘वन्यजीव कायद्याची बंदी विषारी सापांपुरती आहे. हरणटोळ, मांजऱ्या हे निमविषारी, त्यांच्यापासून माणसाला धोका नाही, म्हणून ते घरी ठेवता येतात. 2022 साली चौथी अनुसूची रद्द झाली, त्यामुळे आता प्रश्नच मिटला. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाला कायदा लागत नाही. परदेशी साप असेल तर पोर्टलवर नोंद करा. आणि सर्पमित्राचं कार्ड असेल तर कोण विचारतो?’ खाली टाळ्यांच्या इमोजी.

पहिल्या वाक्यापासूनच गाडी रुळावरून घसरली आहे. 1972च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात सापांची वाटणी विषावरून केलेलीच नाही. ‘निमविषारी’ हा शब्द आपला, म्हणजे सर्पअभ्यासकांचा आणि सर्पमित्रांचा. ज्याचे विषदंत जबड्यात मागच्या बाजूला असतात आणि ज्याचं विष सरडे-बेडूक गारद करण्यापुरतं असतं, तो निमविषारी. कायदा पाहतो ते एवढंच, की हा प्राणी अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, आहे का. धामणीला विषाचा थेंब नाही, शेतकरी तिला उंदरांसाठी मुद्दाम राखतात, तरी 2022च्या दुरुस्तीनंतर ती नागाच्याच रांगेत, सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विदर्भात सापडणारा दुर्मीळ अंडीखाऊ साप निमविषारीच, पण तो जुन्या याद्यांमध्येही पहिल्या अनुसूचीत होता. थोडक्यात, ‘विष कमी, म्हणून परवानगी जास्त’ असा हिशेब कायद्यात कुठेही नाही.

चौथ्या अनुसूचीचा मुद्दा जास्त फसवा आहे, कारण त्यात अर्धं खरं आहे. जुन्या कायद्यात सहा अनुसूच्या होत्या आणि वरच्या अनुसूच्यांत नाव न आलेल्या सापांची कुळंच्या कुळं चौथीत होती. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सहाच्या चार केल्या. पण चौथी गेली म्हणून तिच्यातले प्राणी रस्त्यावर आले नाहीत. प्राण्यांसाठी आता पहिली आणि दुसरी अशा दोनच अनुसूच्या आहेत, जुन्या याद्या त्यांत सामावल्या. तिसरी वनस्पतींची. ‘चौथी’ हा आकडा आजही कायद्यात आहे, पण तिथे सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती आहेत. खोल्यांचे नंबर बदलले, तर मजकूरकर्त्याने भाडेकरूच हाकलले.

शिक्षेचा आकडाही सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही. सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड 25 हजारांच्या खाली नाही. ‘मी शिकार कुठे केली, नुसता पकडला’ हा बचावही चालत नाही, कारण या कायद्यात ‘शिकार’ शब्दाच्या व्याख्येतच पकडणं आणि सापळा लावणं येतं. वर कलम 57 आहे: असा प्राणी तुमच्या ताब्यात असल्याचं सिद्ध झालं, की तो ताबा बेकायदा धरला जातो. तसं नाही, हे तुम्ही सिद्ध करायचं.

पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाबद्दल फार लिहायला नको. कायद्यात ‘बंदिस्त प्राणी’ची व्याख्या आहे आणि बंदिवासात पैदास झालेला प्राणी तिच्यात येतो. नियम मोडून ठेवलेला किंवा वाढवलेला प्राणी कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता. अंडी किंवा पिल्लं तुमच्या बाल्कनीत झाली म्हणून ती तुमची होत नाहीत.

आता ‘धोका नाही’. हरणटोळ चावला तर बहुधा थोडी सूज, ठणका, बधिरपणा, आणि एक-दोन दिवसांत आराम, हे मान्य. तो टाळू फोडतो वगैरे गावाकडे ऐकलेलं सगळं खोटं. पण मागच्या दातांचा म्हणून साप निरुपद्रवी, ही समजूत तज्ज्ञांनाही महागात पडली आहे. कार्ल श्मिट हे शिकागोच्या फील्ड म्युझियमचे नावाजलेले सर्पशास्त्रज्ञ. 1957 साली आफ्रिकेतल्या बूमस्लँग या मागच्या दातांच्या सापाच्या एका पिल्लाने त्यांना अंगठ्याला चावा घेतला. त्यांनी लक्षणं लिहून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. रॉबर्ट मेर्टेन्स हे जर्मन अभ्यासक 1975 साली गेले, तेही आफ्रिकेतल्याच एका मागच्या दातांच्या सापामुळे, आणि तो साप त्यांनी पाळलेला होता. आपले मांजरे-हरणटोळ त्या तोडीचे नाहीत. पण आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बेतलेलं आहे, निमविषारींवर नाही.

खरी भीती मला ओळखीची वाटते. मांजऱ्याचं पिल्लू आणि फुरसं रात्री टॉर्चच्या उजेडात शेजारी ठेवून पाहा. दोघांचं डोकं मानेपेक्षा रुंद, अंगावर तपकिरी-पांढरी नक्षी, डोळ्यात उभी बाहुली, दोघेही वेटोळं करून अंगावर येणारे. फुरसं खवले घासून करकर आवाज करतं, पण करेलच असं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर फुरशी काही कमी नाहीत. ‘निमविषारी’ म्हणून बरणीत घातलेलं फुरसं निघालं तर मेसेज पाठवणारा दवाखान्यात सोबत येणार आहे का?

परदेशी सापांचं प्रकरण वेगळं आहे. मजकुरासोबतच्या व्हिडिओत नाक वर वळलेला अमेरिकी हॉगनोज दिसतो. तोही निमविषारी, आणि अमेरिका-युरोपात सर्रास विकला जातो. तिकडचे कायदे तिकडे. इथे, सायटिस यादीतला जिवंत प्राणी, उदाहरणार्थ बॉल पायथन, तुमच्याकडे असेल तर 28 फेब्रुवारी 2024च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पण नोंद म्हणजे आयातीचा परवाना नाही. बँकॉकहून बॅगेत लपवून आणलेला साप पोर्टलवर चढवला म्हणून पवित्र होत नाही. मुंबई विमानतळावर कस्टमवाले असे साप किती वेळा पकडतात ते बातम्यांत दिसतंच. आणि देशी हरणटोळाशी या पोर्टलचा काडीचा संबंध नाही.

सर्पमित्राचं कार्ड हे पकडून सोडण्यासाठी असतं, ठेवण्यासाठी नाही. संशोधन, शिक्षण किंवा विष काढण्यासाठी साप पकडायचा तर कलम 12 प्रमाणे वेगळी परवानगी लागते. कोणी नागपंचमीच्या नागांसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्याचा दाखला देतं, म्हणून सांगतो: 2025 साली तिथे 21 नाग पकडायला मुभा मिळाली, पण त्यासाठी केंद्र सरकारकडे जावं लागलं, आणि अट होती प्रबोधनाची, खेळ-मिरवणुकीची नव्हे. अख्ख्या गावाला जे दिल्लीहून मागून आणावं लागलं, ते फ्लॅटमधल्या माणसाला फॉरवर्डवर मिळत नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्याच इमारतीतला एक कॉलेजचा मुलगा. त्याने माशांच्या काचपेटीत पेरूची फांदी उभी करून त्यात हरणटोळ ठेवला होता. पोपटी, बोटाएवढा जाड, डोळ्यात ती आडवी, किल्लीच्या भोकासारखी बाहुली. देखणा साप, प्रश्नच नाही. पण बारा दिवस त्याने काही खाल्लं नव्हतं. पाली टाकल्या, त्या काचेवर चढून बसल्या. साप दिवसभर काचेला नाक घासत होता आणि त्याचं टोकदार नाक सोलून लाल झालं होतं. मुलगा म्हणाला, “काका, चावत नाही हो.” मी त्याला 1926 हा वनविभागाचा नंबर दिला. कायद्याप्रमाणे असा प्राणी हातात आला की 48 तासांत कळवायचं असतं. त्याला उशीरच झाला होता. संध्याकाळी वनरक्षक आले, कापडी पिशवीत साप घेऊन गेले. पेरूची फांदी अजून त्या पेटीत आहे.