'काजयी' अशुद्ध नाही, भाऊ

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लेखात मी आजीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं : "काजयी दाटली, वावरातून घरी ये." तिच्या तोंडी काजयी म्हणजे सांजेचा धुरकट काळोख. तुमचं म्हणणं असं की शब्द 'काजळी' हवा, तो 'काळे जळ'वरून आला, आणि त्याचा अर्थ कंदिलाच्या काचेवर बसणारा काळा थर, काळोख नव्हे.

'काळे जळ' कानाला पटतं, पण हिशेब जुळत नाही. संस्कृतात शब्द 'कज्जल' आहे. क ऱ्हस्व, ज दुहेरी. प्राकृतातून मराठीत येताना जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांबला. 'सप्त'चं 'सत्त' होऊन 'सात' झालं, 'कर्म'चं 'कम्म' होऊन 'काम', तसंच 'कज्जल'चं 'काजळ'. काजळातला 'का' असा मराठीत घडला; 'काळा'तला 'का' मात्र मुळातच 'काल'मधला.

आता 'य'. वऱ्हाडात डोळ्याला डोया, काळ्याला काया म्हणतात. जिभेचा आळस नाही हा, नियम आहे. 'जल'चं 'जळ' झालं ते चाललं, मग त्याच वाटेवर पुढे ळचा य झाला तर तेवढाच अशुद्ध कसा?

अर्थाबाबत तुमचं बरोबर आहे. कोशातला अर्थ तुम्ही म्हणता तोच. आजीचा अर्थ कदाचित आमच्या घरापुरता असेल, आणि ते मी लेखात सांगायला हवं होतं. पण तो कुठून आला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. लाइन गेली की चिमणी, म्हणजे घासलेटचा छोटा दिवा, पेटायची. वात जरा जास्त वर आली की जाळाला हवा पुरत नाही, अर्धवट जळलेल्या घासलेटचे काळे कण धुरासोबत वर जातात. खाली चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. छपराच्या कवेलूंखालचे लाकडी फाटे इतके काळे झालेले, की बोट लावलं तर मऊ, तेलकट काहीतरी हाताला यायचं आणि दोनदा धुतलं तरी नखाच्या कडेला राहायचं. अमावास्येच्या रात्रीला आजी अंधारच म्हणायची. काजयी म्हणायची ती हिवाळ्यातल्या सांजेला, गावभरच्या चुलींचा धूर वर न जाता वावरांवर बसायचा आणि धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, निंब दिसेनासा व्हायचा तेव्हा.

तिथं 'काजळी' लिहिलं, तर ते वाक्य तिचं राहत नाही. शब्द तसाच ठेवतोय. अर्थ सांगणारी एक ओळ मात्र लेखात आजच जोडली आहे.