मशीन फुकट मिळत असेल तरी आधी पट्ट्यांचा भाव विचारा

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून रोज ऐकतो तो प्रश्न: "शुगर चेक करायचं चांगलं मशीन कुठलं?" विचारणाऱ्याच्या हातात मोबाइल असतो, त्यावर चार मशिनांचे फोटो उघडलेले असतात. मी उलट विचारतो, "कुणासाठी हवंय? गोळ्या चालू आहेत की इन्शुलिन? डॉक्टरांनी किती वेळा बघायला सांगितलंय?" समोरचा माणूस वैतागतो. त्याला मशीन हवंय आणि मी चौकशी आयोग बसवलाय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कमेंटमध्ये डोस विचारू नका.

या सगळ्या भानगडीत मशीन ही सर्वात स्वस्त वस्तू आहे. पाचशे ते दीड हजारात मिळतं, कधी २५ पट्ट्यांच्या डबीसोबत जवळपास फुकटच पडतं. कंपन्या एवढ्या उदार का, ते उघड आहे. शेगडी एकदाच घ्यायची असते, सिलिंडर जन्मभर. बोटातला रक्ताचा थेंब ज्या पट्टीवर घ्यायचा ती एकदाच वापरता येते, आणि एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या पट्ट्यासुद्धा वेगळ्या असतात आणि डब्या दिसायला जुळ्या बहिणी. डबी उघडल्यावर मी परत घेत नाही, त्यावरून दुकानात भांडणं होतात.

पट्टीचा भाव आज साधारण दहा रुपयांपासून वीस-पंचवीस रुपयांपर्यंत आहे. इन्शुलिनवरचा माणूस दिवसातून दोनदा बघत असेल तर वर्षाला ७३० पट्ट्या लागतात. दहा रुपयांच्या पट्टीने ७,३०० रुपये होतात, वीसच्या पट्टीने १४,६००. मशीन घेताना आपण दोनशे रुपयांची घासाघीस करतो आणि हा हिशेब कुणी करत नाही. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने जुलै २०२१ मध्ये ग्लुकोमीटर (म्हणजे हेच शुगरचं मशीन), बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर वगैरे पाच उपकरणांच्या विक्रीसाखळीतल्या नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. चांगलं केलं. पण घराचं बजेट मशीन मोडत नाही, पट्टी मोडते.

खर्चापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. पट्टी महाग असली की माणूस पट्ट्या वाचवायला लागतो. शुगर उतरून घाम फुटलाय, हात थरथरतायत, तरी "आत्ता कशाला, उद्या सकाळी बघू." मग मशीन कपाटात जातं. वर्षाने मावशी डबी घेऊन येतात, "अजून निम्म्या आहेत की, गेल्या दिवाळीतल्या." काही कंपन्यांच्या पट्ट्या डबी उघडल्यापासून ठरावीक महिन्यांतच वापरायच्या असतात, काहींच्या छापील तारखेपर्यंत चालतात. डबीवर लिहिलेलं असतं, पण त्या अक्षराला भिंग लागतं. माझा नियम सोपा: डबी उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहायची. आणि कृपा करून पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवू नका, दमटपणा हा त्यांचा शत्रू आहे. पट्टी काढली की झाकण लगेच बंद. पावसाळ्यात आमच्या पाटणकडे आणि खाली कोकणात हे जास्तच पाळायला हवं. पाच-सहा पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत सुट्ट्या बांधून प्रवासाला नेणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

दुसरा घोळ मुलगा पुण्यात आणि आई-वडील गावाकडे, या घरांमधला. मुलगा ऑफिसात बसून रेटिंग बघतो आणि ऑनलाइन मशीन गावी पाठवतो. पट्ट्या संपल्या की वडील माझ्याकडे येतात आणि त्या कंपनीचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत असतो. परदेशातून आलेल्या मशिनांचं तर आणखी निराळं. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्यासारखी मिलिग्रॅममध्ये नाही. लंडनच्या भाच्याने पाठवलेल्या मशीनवर ७.२ आकडा आला की घरात आनंदीआनंद, "आजोबांची शुगर सात!" तो आकडा १८ ने गुणायचा असतो. म्हणजे १३०. तीन महिन्यांच्या सरासरीची जी टक्केवारी लॅब देते, तिच्याशी हा आकडा जोडून मोकळे होणारेही असतात. अमेरिकेतून आलेल्या मशीनवर आकडा आपल्यासारखाच दिसतो, पण त्याची पट्टी इथे मिळेल याची खात्री नाही. भाच्याला सांगा, पैसे पाठव, मशीन आम्ही इथेच घेतो.

आता सगळ्यात गाजणारी तक्रार. "लॅबमध्ये १६८ आली, तुमच्या मशीनवर १८९. मशीन बोगस आहे."

बोगस नाहीये. घरगुती मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, त्याची २०१३ ची आवृत्ती असं सांगते: शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर शंभरातली ९५ मापं लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असली पाहिजेत. १०० च्या खाली असेल तर फरक १५ च्या आत. म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर मशीनवर १७० आली तरी मशीन पास, २३० आली तरी पास. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात. पण विचार करा, २०० च्या जागी २२० दिसलं तर तुम्ही वेगळं काय करणार होता? बहुतेक वेळा काहीच नाही. खरी काळजी शुगर खाली उतरते तेव्हाची आहे. लॅबची ७० मशीनवर ८५ दिसू शकते. म्हणून इन्शुलिनवाल्याला दरदरून घाम सुटलाय आणि मशीन ८५ दाखवतंय, तर मशीनशी वाद घालत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. गुंगीत किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

शिवाय लॅबचा आकडा म्हणजे काही देववाणी नव्हे. नळीतलं रक्त तसंच राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के शुगर कमी होत जाते. म्हणून शुगरचं रक्त करड्या झाकणाच्या फ्लोराइडच्या नळीत घेतात. सकाळी सातला घरी येऊन रक्त घेतलं, दुपारी बाराला लॅबला पोचलं, मधल्या वेळेत बॅग उन्हात गाडीला लटकलेली होती, तर कुठला आकडा खरा ते तुम्हीच ठरवा. जेवणानंतर बोटाच्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा शुगर जास्तच असते, तो मशीनचा दोष नाही. पडताळायचंच असेल तर उपाशीपोटी पडताळा. लॅबवाला शिरेतून रक्त घेतोय त्याच मिनिटाला आपल्या बोटाचं मशीनवर लावा, मग तुलना करा. शेजारच्या काकांच्या मशीनशी तुलना करू नका. दोन मशिनं असलेल्या माणसाला आपली शुगर कधीच कळत नाही.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत, बहुधा त्यांनाही माहीत नसते. अंगात रक्त कमी असेल तर अनेक मशिनं शुगर खरी असते त्यापेक्षा जास्त दाखवतात. आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर असतं, ते वेगळं सांगायला नको. अशांसाठी मशीन घेताना पट्टीसोबतच्या कागदावर हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा बघायची. ती जितकी रुंद तितकं बरं. नाही समजलं तर कागद डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कुणाचं पोटातून डायलिसिस चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही मशीन घेऊ नका. डायलिसिसच्या एका द्रावणामुळे विशिष्ट प्रकारच्या पट्ट्या शुगर खोटीच वाढलेली दाखवायच्या, त्यावर इन्शुलिन दिलं जाऊन माणसं दगावली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

हात धुणं. लिहितानाही मला कंटाळा येतो, पण लिहावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात "शुगर एकदम ३०० कशी?" म्हणून फोन येतात. आंबा चिरून झाला, हात फडक्याला पुसले आणि बोट टोचलं. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये हेच तपासलं होतं: फळ सोलल्यावर हात न धुता घेतलेलं माप भलतंच वर जातं, आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून भागत नाही. साध्या नळाच्या पाण्याने हात धुवून कोरडे केले की आकडा ठिकाणावर येतो. स्पिरिटचे पैसे वाचवा.

आता मशीन कुणाच्या हातात जाणार आहे ते बघा. मला विचाराल तर पट्टीच्या भावानंतर हीच गोष्ट, बाकी सगळं जाहिरातीतलं. आजीला स्क्रीनवरचा आकडा चष्म्याशिवाय दिसतो का? अरुंद डबीतून ती चिमुकली पट्टी तिला काढता येते का? शेतात राबणाऱ्या माणसाच्या बोटाची कातडी जाड असते, बोट टोचायच्या सुईच्या पेनवरचा खोलीचा आकडा वाढवावा लागतो, ते त्याला दाखवलंय का? काही पट्ट्यांना मोठा थेंब लागतो, काहींना अगदी बारीक पुरतो. थेंब कमी पडला की मशीन एरर दाखवतं आणि वीस रुपये गेले. काही मशिनं पहिला थेंब अपुरा पडला तर काही सेकंदांत दुसरा लावू देतात. थरथरत्या हाताच्या माणसासाठी ही सोय पाहिजेच. ब्लूटूथ, अ‍ॅप, आलेख वगैरे ज्याला हवं त्याने घ्यावं. पुण्यातल्या मुलाला आईने स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप केला तरी तेवढंच काम होतं. सुई मात्र ज्याची त्याची. घरातल्या सगळ्यांनी एकाच पेनने हौशीने बोटं टोचून बघणं बंद करा, त्यातून कावीळ ब पसरू शकते.

मोजायचं कशासाठी, हाही प्रश्न आहेच. १९६९ साली अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या मधुमेही इंजिनिअरने असं मशीन मागवलं तेव्हा ते फक्त डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना विकत असत. बायको डॉक्टर होती म्हणून तिच्या नावाने मागवलं, किंमत ६५० डॉलर. दिवसातून अनेकदा मोजून त्याने कुठल्या जेवणाने काय होतं, कुठल्या डोसने काय होतं ते शोधलं, त्याप्रमाणे बदल केले आणि पुढे पंचेचाळिशीत मेडिकल कॉलेजात जाऊन स्वतः डॉक्टर झाला. आपल्याकडे मशीन आहे पाचशे रुपयांचं आणि आपण रोज सकाळी उपाशीपोटी एक आकडा बघतो, वहीत लिहितो आणि दिवसभर तोंड पाडून बसतो. नुसत्या गोळ्यांवर असलेल्या, शुगर स्थिर असलेल्या माणसाने रोज बोट टोचण्याची गरज बहुधा नसते. त्यापेक्षा आठवड्यातला एखादा दिवस धरा, जेवणाआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा बघा. या जेवणात भाकरी, पुढच्या आठवड्यात भात. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं सांगतात, पण म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर थोडी सूट देतात, आणि ती द्यायलाच हवी. इन्शुलिनवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा मोजावं, तिथे पट्ट्यांची काटकसर नको.

दंडाला चौदा दिवस चिकटणारे सेन्सर आलेत, त्याबद्दल लोक हल्ली विचारतात. वस्तू चांगली आहे. इन्शुलिन घेणाऱ्याला, रात्री शुगर उतरणाऱ्याला खरंच उपयोगी. पण एका सेन्सरला काही हजार लागतात, महिन्याला दोन. ज्याला परवडतं त्याने डॉक्टरांशी बोलून जरूर घ्यावा. मनगटावरच्या घड्याळात सुईशिवाय शुगर दाखवतो म्हणणारा कुणी भेटला तर मात्र पैसे खिशात ठेवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल सावध केलंय, तसं एकही उपकरण त्यांनी मान्य केलेलं नव्हतं.

एवढं वाचूनही "ते सगळं ठीक आहे, नाव सांगा" असं म्हणणारे असतीलच. माझ्या दुकानात पट्ट्या कायम असतात त्या अ‍ॅक्यु-चेक, वनटच, कॉन्टूर आणि डॉ. मोरपेनच्या, कारण आमच्याकडे त्याच खपतात. तुमच्या गावात वेगळं असेल. तुमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये जा आणि विचारा, "कुठल्या पट्ट्या बारा महिने ठेवता? पन्नासची डबी कितीला?" जे नाव पहिलं येईल आणि जो भाव तुम्हाला वर्षभर झेपेल, त्याचं मशीन घ्या. दुकानातच एकदा आईच्या हातून चालवून बघा. बिल सांभाळा, मशीनची वॉरंटी त्यावरच मिळते. दोन वर्षांनी बिलाची कॉपी मागायला आलात तर मी ओळख दाखवणार नाही.