एका वेळी एक पान दाखव, एवढंच मागतोय!

डोकं फिरायची वेळ आली आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लांबलचक आउटपुट पानापानानं दाखवायचं, ह्यात एवढं अवघड काय आहे? गावांची यादी प्रिंट केली की सगळं सुसाट वर पळतं. सुरुवातीच्या ओळी टर्मिनलच्या (कमांड टाइप करायच्या खिडकीच्या) स्क्रोलबॅकमधूनही, म्हणजे वर सरकवून दिसणाऱ्या जुन्या ओळींमधूनही, गेलेल्या असतात, आणि मला नेमक्या त्याच बघायच्या असतात.

लगेच शहाणे हजर: "लेसला पाइप कर ना!" म्हणजे प्रोग्रामचं आउटपुट थेट लेस या पानापानानं दाखवणाऱ्या प्रोग्रामकडे (पेजरकडे) वळव. केलंय हो. पाइप लावला की समोर टर्मिनल नाही हे पायथनला कळतं आणि तो आउटपुट बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) दाबून धरतो. प्रोग्राम हळू चालणारा असेल तर बसा कोऱ्या स्क्रीनकडे बघत, नाहीतर बफरिंग बंद करायचा वेगळा पर्याय द्या. रंग गायब होतात, ते परत आणायची खटपट निराळीच. मध्येच इनपुट मागितलं तर कीबोर्डसाठी लेस आणि प्रोग्राम यांची झोंबाझोंबी. आणि दोन पानं वाचून लेस बंद करायला क्यू दाबला की जाता जाता तोंडावर ब्रोकन पाइप एररचा भलामोठा ट्रेसबॅक (चूक कुठे झाली त्याचा पाढा)! अरे, वाचणं थांबवलं मी, गुन्हा केला का?

विंडोजवर तर नुसता छळ. तिथल्या मोअर या पेजरमध्ये मागच्या पानावर जाताच येत नाही. यादीतलं 'जुन्नर' हे नाव थेट कन्सोलवर (टर्मिनलवर) एरर न देता उमटतं, पायथन ३.६ पासून ते सुधारलंय. तेच आउटपुट मोअरकडे वळवलं की युनिकोड एन्कोड एरर, म्हणे 'चारमॅप'ला (विंडोजच्या जुन्या अक्षर-तक्त्याला) हे अक्षर जमत नाही. मग मराठीत काम करणाऱ्यानं प्रत्येक मशीनवर पायथनचा यूटीएफ-८ मोड (सगळ्या लिप्या चालणारी अक्षर-पद्धत) चालू करत फिरायचं का?

खरा संताप पुढे आहे. पेजर पायथनमध्ये आहे! टर्मिनलवर हेल्प फंक्शन चालवा, माहिती कशी शिस्तीत पानापानानं येते. ते काम करणारं फंक्शन पायडॉक या पायथनच्या माहिती दाखवणाऱ्या मॉड्यूलच्या पोटात दडवलेलं आहे. कोड उघडून ते शोधलंत, तर त्याला सगळा मजकूर एका स्ट्रिंगमध्ये आधीच हवा. म्हणजे लाखभर ओळी आधी तयार करा आणि मग पहिलं पान बघा! मोअर १९७८ सालचा आहे. गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा लॉग न सांगता पेजर उघडतो, एका पानात मावत असेल तर गुपचूप छापून मोकळा होतो. आणि इथे आजही जो तो आपापला लूप लिहितोय: ओळी मोजा, २३ झाल्या की थांबा, 'पुढे जाण्यासाठी एंटर दाबा'. एक लांब ओळ दुमडली की हिशेब चुकला, वरच्या ओळी पुन्हा पळाल्या.

द्या ना स्टँडर्ड लायब्ररीत एक सरळ फंक्शन! जनरेटर (एकेक ओळ लागेल तशी देणारा कोड) घेणारं, मागेपुढे जाऊ देणारं, देवनागरी न फोडणारं, आणि क्यू दाबला की मुकाट्यानं बंद होणारं.